त्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार बाब. आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री मुलानं दाखवला. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू, पण सकाळी चहा घेताना परत वाचला तेव्हा वाटलं की यातलं अर्धं माझ्याच तोंडामुळे झालंय. म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितो. गाडीचं मॉडेल आणि रंग लिहीत नाही, फोंड्यात तसली एकच उरलीय, लोक लगेच ओळखतील.

तुमचं म्हणणं असं, की साधा सेन्सर गेला होता आणि मी इंजिनचा कम्प्युटर बदलायला लावून 14,200 घेतले, तोही नवा सांगून सेकंडहँड घातला, 13 दिवस गाडी अडकवली त्यामुळे चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांचं) सामान रिक्षानं आणावं लागलं, आणि एवढं करून तीन आठवड्यांत चेक इंजिनचा लाइट पेटला.

आधी सेन्सरचं. गाडी फर्मागुडीच्या चढावर बंद पडली, टो करून आणेपर्यंत थंड झाली आणि आमच्या दारात एका सेल्फमध्ये सुरू. तुम्ही म्हणालात पण, तुम्हाला घाबरली बघा. गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू, हे क्रँक सेन्सरचं (इंजिन फिरतंय ते कम्प्युटरला सांगणारा) लक्षण असतं हे बरोबर. पण तो सेन्सर तुम्ही आमच्याकडे यायच्या आधीच दुसरीकडे दोनदा बदललेला. तिसऱ्यांदा मीही बदलून दिला असता, दोन तासांचं काम, तुम्ही खूश मी खूश, आणि आठ दिवसांत तुम्ही परत त्याच चढावर उभे.

स्कॅनर लावला की सगळं कळतं असं लोक धरून चालतात. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून सांगायची सोय, सक्तीचं झालं ते 2010 ला बीएस फोर या धुराच्या नियमाबरोबर, तुमची गाडी 2006 ची. तिचा कम्प्युटर स्कॅनरशी बोलतो, पण कधी बोलतो कधी नाही, आणि तोच आजारी असला तर स्वतःबद्दल काय सांगणार? त्यात चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा लाइट पेटतच नव्हता. तो आधी पेटायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा, नाही पेटला तर पहिला संशय येतो की कम्प्युटरला करंट किंवा अर्थ मिळत नाही. त्यात अर्धा दिवस गेला, फ्यूज बघा, रिले बघा, अर्थ घासा. शेवटी स्टीअरिंगसमोरचं मीटर खोललं तर त्या बल्बवर कुणीतरी काळी टेप लावून ठेवलेली! कुणी ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नसणार, सेकंडहँड घेतलेली गाडी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग खरं काम. थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) सेन्सरला कम्प्युटरकडून 5 व्होल्टचा सप्लाय जातो, तो मल्टिमीटरवर लावून ठेवला. थंड असताना बरोबर 5. मग कम्प्युटरच्या डब्यावर बायकोचा हेअर ड्रायर धरला (ती अजून बोलतेय), सहासात मिनिटांत 4.2, मग 3.6, आणि इंजिन बंद. सेन्सरचे कपलर (वायरींचे जोड) एकेक करून काढले तरी व्होल्टेज वर येईना. कम्प्युटरच्या कपलरमधून ती वायरच सोडवली आणि थेट पिनवर मोजलं, तरी तेच. म्हणजे बाहेरची वायरिंग नाही, सेन्सर नाही, डब्याच्या आतच गडबड. ड्रायर बंद करून पंखा लावला, दहा मिनिटांत परत 5. हे सगळं तुमच्या भाच्यासमोर केलंय, तो सामान न्यायला आला होता, त्याला विचारा.

डबा उघडला तर वास आला. सुक्या बांगड्याचा असतो ना, तसाच. जुने कॅपॅसिटर फुटून आतलं पाणी बोर्डावर सांडलं की असा वास येतो. आणि कपलरच्या पिनांच्या मुळाशी हिरवं पांढरं जमलेलं, नखानं खरवडलं तर पिन पण सुटून आली.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण 13 दिवस कुठं गेले ते यात आहे. कम्प्युटर सहसा उगाच मरत नाही, त्याला काहीतरी मारतं. ते न शोधता दुसरा लावला तर तो पण जातो आणि मग गॅरेजवाला चोर. तुमच्या गाडीत कम्प्युटर डाव्या बाजूला पायांजवळ साइडच्या कव्हरमागे आहे. कार्पेट उचललं तर खालचं फेल्ट पिळता येईल इतकं ओलं. पावसाचं पाणी असेल म्हणून दारांचे रबर बघितले, काचेवर पाइप मारला, काही नाही. निघालं काय तर एसीचा ड्रेन पाइप, त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, गच्च. पावसाळ्यात काचेवर वाफ येते म्हणून तुम्ही एसी लावता, ते पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत गळून थेट त्या डब्यावर. तारेनं माती काढली तेव्हा अर्धा मग पाणी आलं. पाय ओले होतात का म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात डाव्या बाजूला मिसेस बसते, ती सांगत असते पण.

जुना बोर्ड दुरुस्त करावा म्हणून बसनं कोल्हापूरला पाठवला, तिथं माझ्या ओळखीचा हात चांगला आहे. तो म्हणाला कॅपॅसिटर बदलून चालू होईल पण आतल्या थरातले ट्रॅक खाल्लेत, गॅरंटी देणार नाही. जाऊन येऊन त्यात चार दिवस. नवा कम्प्युटर विचारला तर या मॉडेलचा सप्लाय बंद. मग मी तुम्हाला फोन केला आणि म्हणालो, "दुसरा टाकू काय?" तुम्ही "टाका" म्हणालात.

इथं चूक माझी. आमच्या धंद्यात दुसरा म्हणजे जुन्या गाडीतून काढलेला, दिवसभर तेच बोलतो, माझ्या डोक्यातही आलं नाही की तुम्ही दुसरा म्हणजे नवाकोरा समजाल. बिलावर "यूज्ड" लिहिलंय पण ते बिल तुम्हाला शेवटी मिळालं, आधी नाही. आता ठरवलंय, असला पार्ट असला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि "जुना, वापरलेला" असं लिहून, उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही.

पण सेकंडहँड म्हणजे भंगारातून उचलला आणि लावला असं नाही बाब. स्टिकरवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो, नाहीतर गाडी सुरू होते पण मिसिंग मारते (झटके देत चालते) आणि पेट्रोल पिते. तो जुळणारा बेळगावला मिळाला. त्यात तुमच्या चावीची ओळख नसते, इमोबिलायझर (चोरीविरुद्धचं कुलूप) इंजिन चालू देत नाही, म्हणून जुन्या बोर्डावरची आठ पायांची छोटी चिप काढून नव्या जागी बसवावी लागते, भिंगाखाली, आणि ती जळली तर सगळं गेलं. म्हणून तुमच्या दोन्ही चाव्या पहिल्यासारख्या चालतायत. मधे चवथ आली, दीड दिवस आमचा गणपती आणि पोरं आपापल्या गावी, चार दिवस शटर बंद होतं. ते मी आधी सांगायला हवं होतं. माटोळीचं वाचून खरंच वाईट वाटलं.

आता लाइट. ती टेप आम्ही काढली. तीन आठवड्यांनी पेटला तो पी 0135 कोड आहे, तुम्ही दारात उभे असतानाच वाचला, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा. तो बहुतेक आधीपासून गेलेला असणार, पण जुना कम्प्युटर काय लक्षात ठेवत होता देव जाणे आणि लाइट तर झाकलेलाच. त्यानं गाडी बंद पडणार नाही, अ‍ॅव्हरेज थोडं कमी लागेल. याचा आमच्या कामाशी संबंध नाही हे त्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या गर्दीत एका वाक्यात सांगून मोकळा झालो, तेही चुकलं.

पैशांचं बघितलं. कम्प्युटर 6,500, चिपचं काम 2,000, मजुरी 3,000, ड्रेन, कपलर आणि कार्पेटचं 1,500, आणि स्कॅनिंग 600 दोनदा लागलंय. दुसऱ्यांदाचं लागायला नको होतं, ते 600 परत देतो. ऑक्सिजन सेन्सर तुम्ही आणा किंवा मी मागवतो, बसवायची मजुरी नको. कम्प्युटरला सहा महिने माझी जबाबदारी, बिलाच्या मागे सही करून देतो. बाकीचे पैसे मी परत करणार नाही, ते काम झालंय. स्टार किती ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा.

जुना डबा कपाटात तुमच्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून ठेवलाय, घेऊन जा, वास अजून येतो. शुक्रवारी या पण पाचच्या आत, नंतर मुलगा क्लासला जातो आणि तो स्कॅनर त्याच्याच हाताला लागतो.