‘सीसीएमपी झालं म्हणजे एमबीबीएसच’ म्हणणाऱ्यांना

होमिओपॅथी डॉक्टरांसाठीच्या सीसीएमपी या आधुनिक औषधशास्त्राच्या कोर्सबद्दल एक मेसेज सध्या जो तो पुढे पाठवतोय: ‘सीसीएमपी केलेले होमिओपॅथ आता एमबीबीएसच्या बरोबरीचे. सुप्रीम कोर्टाचीही मान्यता आहे. विरोध करणाऱ्यांना फक्त स्वतःचा धंदा सांभाळायचाय. या नोंदणीने खेडी वाचतील.’

बरोबरीचं कुठेच म्हटलेलं नाही. २०१४ साली महाराष्ट्र सरकारने होमिओपॅथीचा कायदा आणि १९६५ चा वैद्यक परिषदेचा कायदा, दोन्हींत दुरुस्ती केली. बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी झाल्यावर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा सीसीएमपी हा एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केला, तर आधुनिक औषधं मर्यादेत देता येतील, एवढीच ती मुभा. म्हणून तर २०२५ मध्ये सीसीएमपी केलेल्यांची वैद्यक परिषदेकडे नोंदणी करायचा विषय आला तेव्हा वेगळ्या नोंदवहीची भाषा झाली.

सुप्रीम कोर्टाचं नाव घेणाऱ्यांनी पूनम वर्मा खटला वाचावा. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. जे शास्त्र आपण शिकलो नाही त्यातले उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं कोर्टाने १९९६ मध्ये ठरवलं. १९९८ च्या मुख्तियार चंद निकालात राज्याच्या कायद्याने अशी परवानगी देता येते हे मान्य झालं, पण तो वाद आयुर्वेद-युनानीवाल्यांचा होता. सीसीएमपीचं त्यात काहीच नाही. उलट २०१४ च्या दुरुस्तीलाच आयएमए या ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

धंद्याचा आरोप तर मला लागतो. या नोंदणीविरोधातल्या १८ सप्टेंबर २०२५ च्या संपात सरकारी रुग्णालयांतले निवासी डॉक्टरही उतरले होते. विद्यावेतनावर रात्रंदिवस राबणाऱ्या या मुलामुलींचा कुठला दवाखाना बुडणार होता?

आता खेड्यांचं. इथे समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. कितीतरी गावांत रात्री दार ठोठावायचं तर होमिओपॅथ डॉक्टरांचंच, आणि लोक त्यांच्याकडून अँटिबायोटिक घेतातच. मग नोंदणी करून देखरेखीखाली आणलेलं बरं, हा युक्तिवाद मला पटतो. पण देखरेख आहे कुठे? इंजेक्शननंतर रुग्णाचं बरंवाईट झालं, तर घरच्यांनी होमिओपॅथी परिषदेचा उंबरठा झिजवायचा की वैद्यक परिषदेचा? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सामुदायिक आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे. स्वतंत्रपणे औषध द्यायचं ते प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेपुरतंच, बाकी देखरेखीखाली, हे तिथे कलमातच लिहिलंय. तसं इथेही लिहा. कुठली औषधं चालतील याची यादी दवाखान्याच्या भिंतीवर लावा, चिठ्ठीवर ‘बीएचएमएस, सीसीएमपी’ ठळक छापा, आणि तक्रार कोणत्या परिषदेकडे करायची तेही त्याच चिठ्ठीवर येऊ द्या.