पाणी जोखण्याचं शास्त्र

पाण्याची बंदूक घरात आली की पहिली खबरदारी कोणती घ्यायची? ती मुलांच्या हाती पडू द्यायची नाही. मुलांना खेळणं मिळालं की ती सरळ खेळायलाच लागतात. बंदूक भरली, कोणावर तरी मारली, किंचाळली, पळाली, झालं! मग तुमच्या मूल्यमापनाला कोण विचारतो? तेव्हा बंदूक आधी टेबलावर ठेवा, चष्मा लावा आणि खोक्यावरचा मजकूर सावकाश वाचायला घ्या. मूल शेजारी घुटमळत "झालं का?" विचारेल. "अजून तपासायची आहे, हात लावू नकोस," एवढं बजावा. वाट पाहण्याने मुलांना वळण लागतं आणि तुम्हाला निवांतपणा मिळतो.

खोका मात्र जपून उघडा आणि मुलांपासून लांब ठेवा. अमेरिकेत खेळण्यांचं एक मानाचं दालन आहे, नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम. त्यात सुपर सोकर या सुप्रसिद्ध पाणबंदुकीला 2015 साली जागा मिळाली. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला 2005 सालीच मिळालेली होती, आणि साध्या काठीला 2008 साली. म्हणजे खोका बंदुकीपेक्षा दहा वर्षांनी वरिष्ठ. मुलांना ही सेवाज्येष्ठता न सांगताच कळते. खोका एकदा त्यांच्या ताब्यात गेला की त्याचा किल्ला होतो, आणि मग पल्ल्याचे आकडे वाचायचे कुठून?

आता पल्ल्याकडे येऊ, कारण खोक्यावर सगळ्यात ठळक तोच छापलेला असतो. समजा, दहा मीटर. हा आकडा खोटा असतो असं अजिबात समजू नका. तो फक्त भांडणाच्या कामाचा नसतो. हवेचा अडथळा हिशेबात धरलाच नाही, तर दहा मीटर जायला पाणी बंदुकीच्या तोंडातून सेकंदाला साधारण दहा मीटर वेगाने निघावं लागतं आणि बंदूक 45 अंशांत वर धरावी लागते. त्या वाटेत धार मध्यावर अडीच मीटर उंच चढते. म्हणजे पाच मीटरवर जीभ काढून उभ्या असलेल्या तुमच्या पुतण्याच्या डोक्यावरून ती बिनबोभाट निघून जाणार आणि दहाव्या मीटरवर, जिथे कोणीही नाही, तिथे अचूक पडणार. हीच बंदूक कमरेच्या उंचीवर, जमिनीपासून एक मीटरवर, सरळ आडवी धरली तर पाणी साडेचार मीटरवरच जमिनीला टेकतं. शिवाय हवा काही तुमच्या हिशेबासाठी बाजूला होत नाही. धार वाटेत फुटते, तिचे थेंब होतात आणि थेंब हवेत लवकर दमतात. त्यामुळे प्रत्यक्ष पल्ला आणखी कमी.

मुलं बंदूक आडवीच धरतात. कारण त्यांना पुतण्याला भिजवायचं असतं, खोक्यावरचा आकडा खरा करून दाखवायचा नसतो. ही सवय वेळीच मोडा. अंगणात खडूने दर मीटरला रेघ मारा, कोनमापक आणा आणि पुतण्याला पाचव्या रेघेवर उभं करून सांगा की तू आता संदर्भबिंदू आहेस, हलायचं नाही. लक्ष्य हलायला लागलं की मोजमापात खोट येते. तो हललाच तर खेळातून बाद करा. तसंही तो अजून खेळात आलेला नाहीच.

पल्ला वाढवायचा तर दाब वाढवावा लागतो, आणि तोही सरळ हिशेबाने: दुप्पट पल्ला, दुप्पट दाब. कागदावर दहा मीटरसाठी बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा वातावरण (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब) जास्त दाब पुरतो, वीस मीटरसाठी एक पूर्ण वातावरण. तो येणार कुठून? दट्ट्या मागेपुढे करणाऱ्या हातातून. तो हात आठ वर्षांचा असतो, हे मापदंड ठरवणाऱ्याने विसरायला हवं. मनगट तुमचं, पल्ला तुमचा आणि गुणही तुम्हीच द्यायचे. बंदूक मुलाला पेलली नाही तर दोष मुलाच्या आहाराकडे वळवता येतो.

टाकीबद्दल तर काय सांगावं! मोठी टाकी म्हणजे चांगली बंदूक, यावर घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचं एकमत असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन लिटरची बंदूक आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात अडकवली की विरुद्ध पक्षाला काही करावंच लागत नाही; तीन किलो उचलून पळण्यातच लढाईचा निकाल लागतो. त्यातून ज्या बंदुकीत टाकीतल्याच हवेवर दाब चढवतात, ती काठोकाठ भरून चालत नाही. पाणी दाबलं तरी दबत नाही. दबते ती हवा, आणि तीच मग पाण्याला बाहेर रेटते. टाकी गच्च भरली तर दोन-चार दट्ट्यांत दाब चढतो खरा, पण घोटभर पाणी बाहेर पडलं की उतरतो. म्हणून तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा असतो. दाबाची टाकी वेगळी असलेल्या बंदुकांत ही भानगड नसते. पण मुलाला हे समजावत बसू नका. त्याने टाकी गच्च भरावी, धार पायाशी पडावी आणि तुम्ही वरून "बघ, मी सांगितलं होतं" म्हणावं, यात मूल्यमापनाचा खरा आनंद आहे. सांगितलेलं नसलं तरी म्हणावं.

बंदुकीच्या तोंडाचं भोक मोजलंत का? मोजायलाच हवं. दोन मिलिमीटर भोकातून, वर सांगितलेल्या वेगाने, एक लिटर पाणी संपायला अर्धा मिनिट लागतो. भोक चार मिलिमीटर केलं की पाणी चौपट जातं आणि तीच टाकी आठ सेकंदांत कोरडी पडते. म्हणजे बारीक तोंडाची बंदूक घेतली तर अर्धा मिनिट समोरच्याला गुदगुल्या, आणि मोठ्या तोंडाची घेतली तर आठ सेकंदांचं शौर्य आणि नळापर्यंत माघार. अंगणातली युद्धं नळापाशी हरली जातात, ही गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी समजते. ती नळ अडवून बसतात. खोक्यावर मात्र टाकी किती वेळात भरते, झाकण ओल्या हाताने उघडतं का, तिचं तोंड नळाखाली मावतं का, यातलं काहीच नसतं. तुम्हीही विचारू नका. उपयोगाचे प्रश्न विचारणारा परीक्षक पुढे कोणाला बोलवावासा वाटत नाही.

प्रकारांविषयी थोडक्यात. साधी नळी आणि दट्ट्याची पिचकारी पाहताक्षणी नापास करा. पाणी ओढायचं, पाणी ढकलायचं, संपलं. बिघडायला काही नाही, समजवायला काही नाही, चार वर्षांचं पोरही विचारल्याशिवाय चालवतं. असल्या वस्तूवर माणसाने बोलायचं तरी काय? बोलायला विषय हवा असेल तर रबराच्या पिशवीचा प्रकार आहे. सुपर सोकरच्या मालिकेत 1996 साली सीपीएस 2000 नावाची बंदूक आली. तिच्यात हवेऐवजी रबराची पिशवी पाण्याने ताणली जायची. दाबलेल्या हवेचा जोर पाणी निघेल तसतसा ओसरत जातो. ताणलेलं रबर शेवटच्या घोटापर्यंत जवळजवळ सारख्याच जोराने रेटतं. हा फरक पाहुण्यांना समजावून सांगायला अर्धा तास सहज पुरतो, आणि तेवढ्यात ऊन उतरतं.

आणि आता बॅटरीवाल्या बंदुका! जर्मनीतल्या स्पायरा कंपनीने 2018 साली लोकवर्गणीतून अशी एक बंदूक आणली, जी पाण्यात तोंड बुडवलं की स्वतः पाणी ओढून घेते, सलग धारेऐवजी पाण्याचा एकेक ठोका सोडते आणि किती ठोके उरले ते छोट्या पडद्यावर दाखवते. तंत्र खरोखर देखणं आहे, त्यात वाद नाही. पण पाणी संपलं हे मुलांना कळायला पडदा लागत नाही, धार थांबली की कळतं. पडदा आहे तो तुमच्यासाठी. मुलांनी बॅटरी चार्ज केली नाही म्हणून त्यांना रागवायची सोयही तिच्यात जन्मजातच आहे, आणि ती जुन्या पिचकारीत कुठून मिळणार? ज्या बंदुकांत नुसते दिवे आणि आवाज असतात, त्यांच्याबद्दल उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच लिहा. पंच्याण्णव टक्के परीक्षक एवढंच लिहितात, असा आकडाही ठोकून द्या. तक्त्यात टक्के असले की कोणी उलटतपासणी घेत नाही.

एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून. जोरदार दाबाची धार जवळून डोळ्यावर बसली तर डोळ्याच्या आत रक्त उतरू शकतं. असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. चेहऱ्यावर नेम नाही, हा नियम आधी सांगा आणि मोडला की बंदूक काढून घ्या. बाकीचे सगळे नियम मुलांना करू द्या.

हां, तर चालू द्या.

या क्षेत्रात वाईट पायंडा कोणी पाडला असेल तर तो सुपर सोकरचा जनक लॉनी जॉन्सन याने. माणूस अणुशास्त्र आणि अवकाश मोहिमांवर काम केलेला अभियंता, नावावर शंभराहून अधिक पेटंट. त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा होती. 1982 साली तो फ्रिजमधल्या फ्रिऑन वायूऐवजी पाणी वापरणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग घरीच करत होता. न्हाणीघरात जोडलेल्या तोटीतून पाण्याची धार जोरात समोर गेली आणि गडी पंप सोडून बंदुकीच्या मागे लागला. इथवर ठीक. पुढे त्याने जे केलं ते अक्षम्य आहे. नमुना तयार होताच त्याने तो आपल्या लहान मुलीच्या हाती दिला! टेप नाही, कोनमापक नाही, गुणांचा तक्ता नाही. त्याच्याच सांगण्याप्रमाणे, बाकीची पोरं आपल्या चिमुकल्या पिचकाऱ्या घेऊन तिच्या जवळही फिरकू शकेनात, आणि एवढ्यावर त्याने बंदूक पास केली. 1986 साली पेटंट मिळालं, 1989 साली लारामी कंपनीशी करार झाला, 1990 साली ती पॉवर ड्रेंचर नावाने बाजारात आली आणि पुढच्या वर्षी नाव बदलून सुपर सोकर झाली. एका पोरीच्या शेऱ्यावर! त्या वेळी तुमच्यासारखं कोणी शेजारी असतं तर नमुना टेबलावरच राहिला असता.

गळतीची तपासणी राहिली. दट्ट्याच्या बुडाशी रबराची एक बारीक कडी असते. ती सुकली किंवा चिरली की पाणी पुढे जाण्याऐवजी तुमच्या कोपरापर्यंत मागे येतं. कडीला सिलिकॉनचं वंगण लावलं तर बरेचदा काम भागतं. पण दुरुस्ती हा परीक्षकाचा प्रांत नव्हे. तुम्ही फक्त "गळते" असं लिहा आणि दोनदा अधोरेखित करा. वापरून झाल्यावर टाकी रिकामी करून, झाकण उघडं ठेवून वाळवायची असते, नाहीतर आत बुरशी धरते. दाब भरलेली बंदूक उन्हात टाकून ठेवायची नसते. ही दोन्ही कामं नेमाने करणारं मूल आजवर जन्मलेलं नाही, तेव्हा "टिकाऊपणा" या रकान्यात आधीच शून्य टाकून वेळ वाचवता येतो.

शेवटची चाचणी प्रत्यक्ष लढाईची. ती टाळता आली तर उत्तमच, पण मुलं एव्हाना कंटाळून काहीतरी करायला लागलेली असतात. कोणीतरी मोरीतली बादली आणतं. बादलीपासून सावध! दहा लिटर पाणी ती एका सेकंदात रिकामं करते. चार मिलिमीटर तोंडाच्या बंदुकीला तेवढं पाणी टाकायला 80 सेकंद लागतात, वर एक लिटरची टाकी भरायला नळाच्या नऊ खेपा. बादलीला दट्ट्या नाही, कडी नाही, चार्जिंग नाही, वयाची अट नाही. खोक्यावर आकडा नाही, कारण खोकाच नाही. तिला स्पर्धेत घेतलंत तर आजवरचं सगळं काम पालथ्या घड्यावर पाणी ठरेल. तेव्हा "पल्ला दोन मीटरपेक्षा कमी" हे कारण दाखवून तिला आधीच अपात्र ठरवा आणि तसं सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

वाचून दाखवताना पाठ भिंतीला लावून उभे राहा. कारण दोन मीटरचा पल्ला पुरेसा ठरावा म्हणून भाची पाऊल न वाजवता मागून येत असते. "मामा, झालं का मोजून?" असं कानाशी ऐकू आलं की उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, तक्ता डोक्यावर धरा. तक्ता भिजलाच तर शेऱ्याच्या रकान्यात "परीक्षकावर हल्ला, निकाल पुढील सूचनेपर्यंत राखून ठेवला" असं लिहा. शाई पसरत असेल तर पेन्सिल वापरा, आणि मुलांकडे मागू नका. ती होडी सोडायला तक्त्याचा कागदच मागून बसतील.