पाहुणे आहा न जी, बसून राहा

नागपूरला जाऊन आलेला माणूस उन्हाबद्दल बोलतो, संत्र्यांबद्दल बोलतो, सावजीबद्दल तर डोळ्यात पाणी आणून बोलतो, पण खरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे या शहरात पाहुण्याचं 'नको' कोणी ऐकून घेत नाही. तुम्ही म्हणा ना, दहा वेळा म्हणा. समोरचा धरून चालतो की तुम्ही लाजताय, आणि वाढतो.

आम्ही नाशिकहून मे महिन्यात बायकोच्या मोठ्या बहिणीकडे गेलो होतो. (मे महिन्यात नागपूरला कोण जातं, असं विचारू नका. शाळेच्या सुट्ट्या मेमध्येच असतात आणि मेहुणी नागपुरातच असते, यातलं काहीही मी ठरवलेलं नाही.) आदल्या रात्री सावजी झालं. सकाळी तर्री पोहे, म्हणजे पोह्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, त्यावर कच्चा कांदा, आणि प्लेट संपायच्या आत साडभाऊंचा हात पुढच्या प्लेटकडे. दुपारी आमरस आणि सरगुंडे. सरगुंडे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांना सांगतो, कणीक काडीवर गुंडाळून केलेल्या पोकळ नळ्या असतात त्या, रस आतमध्ये शिरतो आणि वरून अजिबात कळत नाही की आपण किती रस खाल्लाय. ते कळायला कोलंबस नावाचा, जहाजासारखा मागेपुढे झुलणारा झुला लागतो. पण ते पुढे येईल.

पोरांना नवीन वॉटर पार्कला जायचं होतं. साडभाऊ म्हणाले, "पाण्यात भिजाचं त कूलरसमोर जाऊन बसा न बे. मी तुम्हाले आमच्या जुन्या पार्कात नेतो. आमी कॉलेजात असतानी तिथंच पडून राहायचो." आता माणूस कॉलेजात असताना जिथे पडून राहायचा त्या ठिकाणी त्याला पुन्हा जायचं असतं आणि बरोबर साक्षीदार हवे असतात, त्यापुढे वॉटर पार्कचं काय चालणार.

निघायची वेळ साडेचार, कारण नवतपा (मे अखेर सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून लागायचा होता तरी पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. नागपूरकर पारा सांगताना आवाजात जरा अभिमान असतो हे तुम्ही ऐकलं असेल. त्रेचाळीस असेल तर "आज तसं काही नाही" म्हणतात आणि आपल्याकडे दयेनं बघतात. सासूबाईंनी ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक एक कांदा घातला, बायका-पोरींनी दुपट्टे असे बांधले की फक्त डोळे दिसावेत, आणि आम्ही दोन गाड्यांतून निघालो ते बघून कोणाला वाटलं असतं की बँक लुटायला चाललेत, पण कांदे घेऊन.

गेटवर "बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नये" असा बोर्ड होता. ताईंनी, म्हणजे मेहुणीनं, पुडाच्या वड्यांचा डबा आणला होता, भरपूर सांभार घातलेल्या. (आपण जिला कोथिंबीर म्हणतो ती तिकडे सांभार, हे माहीत नसल्यानं लग्नानंतर पहिल्यांदा ताईंनी सांभार आणायला पाठवलं तेव्हा मी उडप्याकडे जाऊन आलो होतो.) वॉचमन म्हणाला, "मॅडम, डबा अलाउड नाही." ताई म्हणाल्या, "पुडाच्या वड्या आहेत." तो म्हणाला, "घरच्या का?" डबा आत आला. वड्या दोन कमी झाल्या.

पार्क जुना म्हणजे अगदी मनापासून जुना. दारात एक सिमेंटचा मिकी, त्याचा एक कान नंतर कोणीतरी प्रेमानं बसवलेला पण गणपतीच्या मापाचा. कचरा टाकायला आ वासलेले पेंग्विन, पंचेचाळीस डिग्रीत. हसऱ्या आरशांची खोली. त्या आरशात बाकीचे सगळे जाड-बारीक-बुटके दिसत होते आणि खिदळत होते, मी बहिर्गोल आरशापुढे उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सडपातळ दिसलो, दोन मिनिटं हललोच नाही. बायकोनं दंड धरून बाहेर काढलं.

आणि मग सुरू झालं माझं खरं काम.

प्रत्येक कुटुंबात एक माणूस असतो ज्याचा जन्मच बॅगा सांभाळण्यासाठी झालेला असतो. त्याची निवड होत नाही, मतदान होत नाही. पहिल्या झुल्यापाशी पोचल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला नाहीतरी चक्कर येते," आणि पर्स माझ्या मांडीवर. मग ताईंची पर्स. मग सासूबाईंची पिशवी, जिच्यात पाण्याच्या बाटल्या, औषधांची डबी, एक सुटी चादर (का?) आणि राखीव कांदे. पोरांच्या चपला, कारण झुल्यावरून चपला उडतात. सगळ्यांचे मोबाईल, चष्मे, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या. शेवटी एका अनोळखी वहिनींनी "भाऊ, तुम्ही बसलेच आहा त" म्हणून त्यांचीही बॅग आणून ठेवली. जत्रेतला बांगडीवाला मांडून बसतो तसा मी त्या बाकड्यावर मांडून बसलो, फरक इतकाच की त्याला कोणी गिऱ्हाईक तरी विचारतं. बाकडं लोखंडी होतं. दिवसभर ऊन खाल्लेलं. चादर का आणलीये ते मला तेव्हा कळलं, सासूबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

तिथून सगळं दिसत होतं. ड्रॅगन ट्रेन म्हणजे हिरव्या अजगराच्या पोटात बसून एक छोटा चढ आणि एक छोटा उतार. चढताना खालून कट् कट् कट् आवाज येतो ना, लोकांना वाटतं काहीतरी तुटतंय, पण तो उलट गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्याचा आवाज असतो, एकेका दातावर पडत जातो. हे मी धाकट्याला समजावून सांगितलं होतं. त्यानं ते वर चढताना शेजारच्या मुलाला सांगितलं, आणि त्या मुलानं 'मागे घसरू नये' एवढंच ऐकून भोकाड पसरलं. गंमत म्हणजे 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पैसे घेऊन लोकांना बसवणारी जी पहिली गाजलेली अशी गाडी निघाली ती ताशी जेमतेम दहा किलोमीटरनं चालायची, आणि लोक त्यासाठी रांगा लावायचे. आम्ही समृद्धीवरून एकशेवीसनं आलो तेव्हा बायको झोपली होती. इथे दहाच्या स्पीडला तिनं अशी किंकाळी फोडली की वॉचमन डबा सोडून बघायला आला.

डॅशिंग कारमध्ये ताई. आता त्या गाड्यांचं असं असतं की वरच्या जाळीतून दांड्यानं करंट येतो, पायाखाली पत्रा, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवत राहिलं की गाडी रिव्हर्समध्ये जाते. ताईंनी पहिल्याच धडकेत घाबरून स्टिअरिंग जे फिरवलं ते फिरवलं, त्यानंतर बेल होईपर्यंत त्या उलट्याच चालल्या होत्या, अत्यंत शांत चेहऱ्यानं, मागे न बघता, आणि वाटेत येईल त्याला ठोकत. उतरल्यावर म्हणाल्या, "मस्त चालवली न मी?" सगळे म्हणाले हाव.

मग कोलंबस. साडभाऊ सगळ्यात मागच्या सीटवर बसले, कारण कॉलेजात असताना तिथंच बसायचे. टोकाला झोका सगळ्यात मोठा बसतो हे शास्त्र त्यांना माहीत होतं, सरगुंड्यांचं शास्त्र ते विसरले. पहिल्या झोक्याला "हुर्रे राजेहो!" असा आवाज आला. दुसऱ्याला नुसतं "राजेहो". तिसऱ्यापासून काहीच नाही. डोळे सांगतात आपण बाकावर बसलोय, कानाच्या आतलं पाणी सांगतं आपण हिंदकळतोय, मेंदूला दोघांचं जमेना की पोटाला बोलावणं जातं. उतरल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले, सासूबाईंच्या पिशवीतला कांदा काढून हुंगला आणि बराच वेळ त्या पेंग्विनच्या आ वासलेल्या तोंडाकडे बघत होते. मी जागा मोकळी करून दिली.

इथपर्यंत मी सुखी होतो. म्हणजे ढुंगण भाजत होतं, पण सुखी होतो.

आकाशपाळण्याचा ऑपरेटर लांबून माझ्याकडे बघत होता. तो झुल्यावर लोक बसवत होता, आणि ते बसवणं हीच एक कला आहे, रांगेतल्या माणसांकडे बघून त्याला वजन कळतं. एका पाळण्यात जड माणूस बसला की समोरच्या पाळण्यात तेवढाच ऐवज लागतो, नाहीतर जड बाजू खाली येते आणि मोटर रडते. त्यानं एक काका बसवले होते. काका भव्य होते. पाळणा त्यांना घेऊन वर गेला आणि आता समोरचा रिकामा पाळणा खाली उभा, आणि रांगेत सगळी काटकुळी पोरं. त्यानं रांग पाहिली, मग मला पाहिलं. मग बॅगा पाहिल्या.

"या न भाऊ."

मी म्हणलं नको, मी सामान बघतोय.

"सामानासकट या. त्याच्याहून बरं."

साडभाऊंनी कांद्यातून तोंड वर काढलं, "जा न जी, पाहुणे आहा, काही नाही होत," आणि अख्ख्या रांगेनं, ज्या लोकांचा माझ्याशी काही संबंध नव्हता त्यांनी, "बसा न भाऊ, बसा न" सुरू केलं. मी तीन पर्स, पिशवी, चपलांचं गाठोडं, चादर, मोबाईल, किल्ल्या घेऊन पाळण्यात बसलो. ऑपरेटरनं पाळण्याची दांडी लावली, दोन पावलं मागे जाऊन काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली. अनोळखी वहिनींची बॅगही माझ्याकडेच होती, त्या खालून हात करत होत्या.

वर गेल्यावर वारा लागला, दिवसातला पहिला. नागपूर वरून बरंचसं सपाट दिसतं, झाडं बरीच आहेत, मी सीताबर्डीचा किल्ला शोधत होतो, सापडली ती पाण्याची टाकी. शिकागोला 1893 च्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं असला पहिला अवाढव्य पाळणा केला होता, 264 फूट उंच, 36 डबे, एकेकात 60 माणसं, आयफेल टॉवरला उत्तर द्यायचं म्हणून. दोन फेऱ्यांना वीस मिनिटं लागायची. तिथे एका डब्यात साठ, तेव्हा एखाद्या काकांनी काय फरक पडतो. आपल्याकडे जत्रेत तर रहाटपाळणा माणसं हातानं फिरवायची, मोटरच नाही, रडायची ती माणसंच.

पहिली फेरी संपली, पाळणा खाली थांबला. मी उठणार तर ऑपरेटर म्हणाला, "तुम्ही बसा. तुम्ही उतरले त काका वर अडकतेत."

"मग काकांना उतरवा."

"काका उतरले त तुम्ही अडकसान न जी."

हे खरं होतं. तेवढ्यात बायको धावत आली, गोळेवाल्याला द्यायला पैसे पाहिजेत म्हणून तिची पर्स घेतली, आणि पाळणा वर. पुढच्या थांब्याला ताईंची पर्स गेली. मग चपला, कारण पोरं तापल्या फरशीवर उड्या मारत होती. मग अनोळखी वहिनींची बॅग, मग सासूबाईंची पिशवी. माझ्या मांडीवर सगळ्यांचे फोन होते आणि ते वाजत होते, म्हणजे खालून कोणीतरी कुणाचा तरी फोन मागून आम्हा सगळ्यांना एकेक करून लावत होतं, आणि उचलायला मी एकटा. मेहुणीच्या शेजारणीशी मी सर्वोच्च बिंदूवर पाच मिनिटं बोललो. तिनं उद्या जेवायला बोलावलं. मी नको म्हणलं.

काका आणि मी समोरासमोर होतो, म्हणजे मी वर तर ते खाली, ते वर तर मी खाली, चाकाच्या दोन टोकांना. पहिल्या एक-दोन फेऱ्या आम्ही नजर चुकवली. मग त्यांनी हात केला. मग मी कांदा दाखवला. त्यांनीही खिशातून काढून दाखवला. एव्हाना प्रत्येक वेळी सामान गेल्यानं मी हलका होत चाललो होतो आणि ऑपरेटर अस्वस्थ होत होता, शेवटी फोन आणि किल्ल्या घेऊन पोरगी गेली तेव्हा त्यानं मला सासूबाईंची पिशवी परत आणून दिली. "राहू द्या," म्हणाला, "जाऊ पर्यंत."

उतरवलं तेव्हा आधी काकांना अर्धं, मग मला अर्धं, असं काहीतरी करून उतरवलं, मला नीट सांगता येणार नाही. जमीन जागेवर होती पण माझे पाय नव्हते. काका समोर उभे होते. जवळून आणखीनच भव्य.

"कुठचे?"

"नाशिक."

"अन् इथं कोणाकडे?" तोवर साडभाऊ आले, रंग परत आला होता चेहऱ्यावर, आणि दोन मिनिटांत निघालं की काकांचं गाव काटोलकडचं, साडभाऊंच्या मामांचं शेत त्यांच्या बागेला लागून, आणि दोघांच्या ओळखीचा कोणीतरी एक माणूस होता ज्यानं दोघांकडून उसने पैसे नेले होते. काकांनी सगळ्यांना गोळे दिले. नको म्हणलेल्यांना दोन दिले. रविवारी घरी पाटवडी रस्सा ठरला, बायको माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती की आपण शनिवारी निघणार होतो ना, आणि मी तिच्याकडे बघत होतो की तूच सांग ना मग.

"मंग झालं तर," काका माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, तो हात चांगला वजनदार होता, "रविवारी जेवण झालं का संध्याकाळी इकडंच येऊ. त्या पोराले मी सांगून ठेवलं, आपली जोडी जमली म्हून."