खुलासा : इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं कोसळत नाही

कराड-साताऱ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : शिकाऊ विमानाला एकच इंजिन, ते हवेत बंद पडलं की विमान सरळ खाली, आणि छोट्या विमानांचे बहुतेक अपघात असेच होतात. यातलं ‘एकच इंजिन’ एवढं खरं आहे.

इंजिन थांबलं तरी पंख काम करत राहतात. सेसना 172 हे प्रशिक्षणातलं नेहमीचं विमान. योग्य वेग राखला, हवा शांत असली, तर एक किलोमीटर उंचीवरून ते साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. मोकळं रान शोधायला चारेक मिनिटं मिळतात. याचा सराव विद्यार्थ्यांकडून करूनच घेतात.

एनटीएसबी ही अमेरिकेतली अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था. तिच्या चौकशांमध्ये छोट्या विमानांच्या जीवघेण्या अपघातांत सर्वांत जास्त दिसतं ते ताबा सुटणं, तेही बरेचदा इंजिन चालू असताना. उतरण्याआधीच्या वळणावर वेग घटतो, नाक वर ओढलं जातं, पंखांची उचल एकदम जाते. तिथे उंचीच नसते, मग सावरणार कसं? दुसरं कारण आपल्या सह्याद्रीत कुणालाही पटेल : ढगात शिरणं, आणि पुढे डोंगर.

इंजिन बंद पडतंच नाही असं नाही. पण पुष्कळदा मूळ टाकीत सापडतं : इंधन संपलेलं, त्यात पाणी, किंवा चुकीच्या टाकीवर ठेवलेला कॉक.

भारतातल्या अपघातांचे चौकशी अहवाल एएआयबी ही आपली विमान अपघात चौकशी संस्था जाहीर करते, ते वाचता येतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.