सुकाणूचं पातं, खारं पाणी आणि शार्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या) सुकाणूला पाण्याखाली कुठला धातू असावा, यावरच्या माझ्या लिखाणावर तुमची प्रतिक्रिया कडक असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : तापीत शार्क नाही, मग खान्देशातल्या कयाकवाल्यांना स्केग (होडी सरळ ठेवणारं तळाचं पातं) नि सुकाणूच्या धातूवरून कशाला घाबरवायचं? तुमचं अ‍ॅल्युमिनियमचं पातं स्टीलच्या बोल्टांवर तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललंय. आणि एवढीच धास्ती असेल तर कार्बन फायबर घ्यावं, त्यात धातूच नाही.

हतनूरपुरतं तुमचं सगळं बरोबर आहे. पण आपली मंडळी सुट्टी लागली की तीच कयाक टपावर बांधून दमणला, मुरूडला, मालवणला नेतात. समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट जास्त वीज वाहून नेतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना टेकलेले असले की त्यांचा विद्युत घट तयार होतो. दोघांतला फरक सुमारे ०.७ व्होल्ट. झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम : बोल्टच्या भोकाभोवती पांढरी भुकटी जमते, सुकाणू जिच्यावर फिरतं ती पिन आवळते, आणि वारा आडवा लागल्यावर सुकाणू वळत नाही. मला खरी काळजी याची वाटते.

आता शार्क. तिच्या नाकाडावर जेलीने भरलेली, पाण्यातली वीज ओळखणारी बारीक छिद्रं असतात. लोरेन्झिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. १९७१ मध्ये काल्मिन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की वाळूत पुरलेला मासा शार्क त्याच्या विजेवरून शोधते. माशाऐवजी नुसते इलेक्ट्रोड पुरले तरी ती तिथेच उकरते. एका सेंटिमीटरला व्होल्टचा काही अब्जांश इतका फरकही तिला कळतो. दोन धातूंच्या घटाची वीजही पाण्यात पसरते, मात्र असं विद्युत क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. अंतर दुप्पट, तर जोर एक अष्टमांश. म्हणून तुमचं सुकाणू लांबून शार्कला बोलावून आणत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण वासाने किंवा आवाजाने आधीच जवळ आलेली शार्क शेवटच्या हातभर अंतरात विजेकडे वळते. पाणबुड्यांच्या पिंजऱ्याच्या गजांना आणि बोटीच्या इंजिनाच्या पंख्याला शार्क तोंड लावते, त्याचं कारण हेच मानलं जातं. आणि कोकणात हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात शार्कने एका तरुणाच्या पायाला चावून गंभीर जखमी केलं. अशा घटना फार दुर्मीळ आहेत, पण खाडीत कयाक घालणाऱ्याने ही माहिती ठेवावी.

कार्बन फायबरबद्दल मात्र तुमचा सल्ला उलटा पडेल, आणि तो वाचून कुणी खरेदी करू नये म्हणून स्पष्ट लिहितो. कार्बन धातू नसला तरी वीज वाहतो, आणि खाऱ्या पाण्यात स्टीलपेक्षाही जास्त जोराने अ‍ॅल्युमिनियमला खातो. कार्बनचं पातं अ‍ॅल्युमिनियमच्या पकडीत बसवणं ही सगळ्यांत वाईट जोडी. टायटॅनियम स्वतः गंजत नाही, पण शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला तेही सोडत नाही. रंग दिल्यानेही भागत नाही. फक्त अ‍ॅल्युमिनियम रंगवलं तर एका ओरखड्यावर सगळी झीज एकवटते आणि तिथे आरपार भोक पडतं.

माझा आग्रह एवढाच : पाण्याखाली एकच धातू ठेवा, जमल्यास एकही नको. पात्याला ग्लास-इपॉक्सी (काचेचे धागे आणि इपॉक्सी राळ यांची) शीट घ्या. विजेच्या पॅनेलमध्ये इन्सुलेशनला वापरतात तीच. ताठ असते, वीज वाहत नाही. पीव्हीसीची शीट जळगावात सहज मिळते म्हणून मोह होतो, पण भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टपावरचं काळं पातं त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि पीव्हीसी वाकडी होते. एचडीपीई हे प्लास्टिक त्या उन्हात वितळणार नाही, पण लवचीक होतं; त्याचं पातं जाडच हवं. घरी इपॉक्सी ओतून पातं करणाऱ्यांनीही ते सावलीत ठेवावं, कारण नुसत्या खोलीच्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते.

बुशला (पिनभोवतीच्या नळीला) नायलॉन नको. ते पाणी पिऊन फुगतं आणि पिन अडकते. अ‍ॅसिटल हे कडक प्लास्टिक घ्या. सुकाणू ओढायला स्टीलच्या तारेऐवजी डायनीमाची (मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी ओवा. पिन धातूचीच लागणार असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, आणि तिचा दुसऱ्या कुठल्याही धातूशी स्पर्श नको.

तुमचं सध्याचं पातं टाकू नका, हतनूरला ते उत्तम आहे. समुद्रासाठी दुसरं कापून घ्या. जुन्या पात्याची जाडी आणि पिनच्या भोकाचा व्यास कळवलात तर कोणती शीट आणि केवढा बुश लागेल ते मी सांगतो.