सुजाता या नावात जात कुठे आहे?

गेल्या आठवड्यात नागपूरच्या इंदोऱ्यात एका बारशाला गेले होते. पाळण्यामागच्या थर्माकोलच्या पाटीवर 'सुजाता' ही सोनेरी अक्षरं चिकटवून झाली होती आणि ऐनवेळी कोणीतरी बाळाच्या आजीसमोर मोबाइल धरला. सगळीकडे फिरणारा तोच मेसेज: सुजाता म्हणजे वरच्या जातीत जन्मलेली, नाव आलं सिनेमातून, बुद्धाला खीर देणारी सुजाता तर दासी, बौद्धांनी हे नाव टाकावं. आजी म्हणाल्या, "आमच्या पोरीले वरच्या जातीची म्हनाचं काय?" पाटी उतरली. मला फार वाईट वाटलं.

आधी अर्थ. सुजातामधला 'जात' म्हणजे जन्मलेला. 'जन्' धातूचं हे रूप. दवाखान्यात 'नवजात' म्हणतात तेव्हा नवीन जात निघाली असं कोणी समजत नाही. २०२४ मध्ये मराठीला 'अभिजात' दर्जा मिळाला, तोही याच शब्दाने. ऋग्वेदात अग्नीला 'सुजात' म्हटलं आहे. अग्नीला कसली जात? आपली 'जात' संस्कृत 'जाति'वरून आली, धातू तोच, म्हणून गोंधळ होतो. सुजातचा 'कुलीन' हाही अर्थ कोशात आहे, ते लपवायचं कारण नाही. पण सुंदर, सुरेख घडलेली असाही आहे. आणि बौद्ध घरात हे नाव येतं ते पालीतून, जिथे वसलसुत्त नावाच्या उपदेशात बुद्ध स्पष्ट सांगतात की जन्माने कोणी नीच ठरत नाही की ब्राह्मण ठरत नाही, कर्माने ठरतो.

आता सिनेमा. 'सुजाता' सिनेमा १९५९ चा, नाव त्याच्या कितीतरी आधीचं. दीक्षाभूमीवरचा धम्मस्वीकारसुद्धा त्याआधीचा, १४ ऑक्टोबर १९५६ चा. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्खुणींच्या पाली गाथांत, सुजाता नावाची थेरी (ज्येष्ठ भिक्खुणी) आहे, महाभारतात अष्टावक्राच्या आईचं नाव सुजाता आहे. एवढं पुरे.

राहिली दासी. निदानकथेतली (जातककथांच्या पाली प्रस्तावनेतली) सुजाता उरुवेलेजवळच्या सेनानी गावातल्या सधन कुटुंबाची लेक. बरोबरीच्या घरात लग्न होऊ दे, पहिला मुलगा होऊ दे, असा तिने वडाला नवस केला होता. तो फेडायच्या दिवशी तिने पुण्णा नावाच्या दासीला झाडाखालची जागा साफ करायला पाठवलं. पुण्णाला तिथे बसलेले बोधिसत्त्व, म्हणजे बुद्ध होण्याआधीचे गौतम, दिसले, वृक्षदेवच प्रकटला असं वाटून ती धावत परत आली. मग सुजाताने सोन्याच्या पात्रात खीर नेली. म्हणजे दासी होती ती पुण्णा.

आणि समजा, सुजाताच दासी असती तर? नागपुरात, बाबासाहेबांच्या माणसांनी, तेवढ्यासाठी तिचं नाव टाकायचं?

ती अक्षरं आजींनी फेकलेली नाहीत, कपाटावर ठेवली आहेत. रविवारी जाऊन त्यांना हे सगळं वाचून दाखवणार आहे.