पॅम रेनॉल्ड्सच्या शस्त्रक्रियेतल्या वेळा बघा

मृत्यूनंतर जाणीव उरते याचा ‘वैज्ञानिक पुरावा’ म्हणून पॅम रेनॉल्ड्सचं प्रकरण सतत फॉरवर्ड होत असतं. दावा असा: 1991 मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना तिचं हृदय थांबलं होतं, ईईजी (मेंदूतल्या विद्युत हालचालीचा आलेख) सपाट होता, तरी तिने वरून सगळं पाहिलं आणि ते खरं निघालं.

शस्त्रक्रिया खरी आहे. मेंदूच्या तळाशी धमनीला फुगा आला होता. डॉ. रॉबर्ट स्पेट्झलर यांनी शरीर सुमारे 16 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं, हृदय थांबवलं, डोक्यातलं रक्त उतरवलं आणि मग फुग्याला हात घातला. पॅम खोटं बोलली असंही कुणी म्हणू नये.

“मेंदू बंद असताना पाहिलं.” दावा इथेच कोसळतो. पडताळता येण्याजोग्या ठळक गोष्टी दोन. विजेच्या टूथब्रशसारखी दिसणारी, कवटी कापायची करवत. आणि ‘रक्तवाहिन्या फार बारीक आहेत’ हे एका बाईचं बोलणं. करवत चालली सकाळी 8:40 च्या सुमारास. बोलणंही त्याच वेळचं: हार्ट-लंग मशीन जोडायला उजव्या जांघेतल्या वाहिन्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डावी बाजू घेतली. रक्त थंड करायला सुरुवात झाली 10:50 ला आणि हृदय थांबलं 11:05 ला. म्हणजे ती ऐकत होती तेव्हा शरीर गरम होतं, हृदय चालू होतं, फक्त भूल दिलेली होती. बोगदा, प्रकाश, गेलेले नातलग या भागाची वेळ तर कुठेच नोंदलेली नाही. तो हृदय थांबल्यावरचाच, हे आपण गृहीत धरतो. शिवाय तिची सविस्तर मुलाखत झाली तीन वर्षांनी.

“मेंदूचा प्रतिसाद तपासायला कानात तर टकटक वाजवणारे स्पीकर घट्ट बसवले होते, मग ऐकू कसं आलं?” हा मुद्दा वजनदार आहे. करवतीचा आवाज कवटीच्या हाडातूनच आत पोचतो, पण बोलणं कसं ऐकू आलं याचं उत्तर तितकं सोपं नाही. तरीही हे कोडं भुलेचं आहे, मेलेल्या मेंदूचं नाही.

“वरून पाहिल्याचं प्रयोगांत सिद्ध झालंय.” नाही. 2014 च्या ‘अवेअर’ अभ्यासात फक्त छताकडूनच दिसतील अशी चित्रं रुग्णालयांतल्या फळ्यांवर ठेवली होती. 2,060 हृदयबंद प्रकरणांत ती कुणीही ओळखली नाहीत. मात्र पाहिल्या-ऐकल्याचं सांगणारे दोन्ही रुग्ण नेमके फळ्या नसलेल्या खोल्यांत होते, त्यामुळे त्यांच्यावर ती चाचणी झालीच नाही.

“मेंदूत घडतं, म्हणजे भास,” हे उलट टोकही तितकंच चुकीचं. समोरचा आंबा पाहतानाही मेंदूत हालचाल होतेच, म्हणून आंबा खोटा ठरत नाही. आंबा आहे की नाही हे हात लावून कळतं. इथे हात लावायची सोय एकच: 11:05 नंतरचा, हृदय थांबलेलं असतानाचा एखादा पडताळता येणारा तपशील. पॅमच्या कहाणीत तो नाही.